ज्याच्या दारात, त्याचं कडवं आधी

“बाई, तुमचा रेडिओ बिघडलाय काय?”

फोनवर आदगोंडा आप्पा होते. बोरगावचे शेतकरी, निपाणीत कापडाचं मोठं दुकान आणि आमच्या एफएम स्टेशनचे सगळ्यात जुने जाहिरातदार. आमचा स्टुडिओ बेळगावात, अनगोळला. निपाणीपर्यंत सिग्नल खरखरत पोचतो, म्हणून आप्पा मोबाइलच्या ॲपवर आमचं स्टेशन दिवसभर दुकानात लावून ठेवतात.

“बिघडला नाही आप्पा. चालू आहे.”

“मग सकाळधरनं निसत्या घंटाच कशाला वाजायल्यात? सून म्हणतीय, मामंजी, कुल्फीवाला आलाय दारात. आणि माझी स्वेटरची जाहिरात कुठल्या गाण्यामागं लावलीसा? त्या गाण्यात बर्फ पडायलाय म्हणं. हितं गिऱ्हाईक घाम पुसायलंय!”

आप्पांचं बरोबर होतं. त्या दिवशी पहाटेपासून आमच्या स्टेशनवर ख्रिसमसशिवाय दुसरं काही वाजत नव्हतं.

रेडिओच्या धंद्यात याला फॉरमॅट फ्लिप म्हणतात. स्टेशन नेहमी जी गाणी वाजवतं ती एका सकाळी बंद करायची आणि दुसऱ्याच प्रकारची सुरू करायची. अमेरिकेत काही स्टेशनं डिसेंबरात असं करतात. चोवीस तास ख्रिसमस. तिकडं ते चालतं, कारण तिकडचे लोक ती गाणी लहानपणापासून ऐकत आलेत. आमच्या कंपनीचे कंटेंट हेड निखिल सर मुंबईत बसतात. त्यांनी ही कल्पना कुठल्याशा कॉन्फरन्समध्ये ऐकली आणि तिची टेस्ट घेण्यासाठी बेळगाव निवडलं. का? शेजारी गोवा आहे म्हणून. आणि गाव लहान आहे, फसलं तरी बोभाटा होणार नाही म्हणून. दुसरं कारण त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं नाही. ते मला चहाच्या वेळी कळलं.

तिसरं कारण मात्र सगळ्यांना माहीत होतं. ती गाणी आम्ही वाजवत नव्हतो. मुंबईच्या हबमधून येत होती. हब म्हणजे एक खोली, जिथून आठ-दहा गावांची स्टेशनं एकाच वेळी चालवता येतात. गावात मग टॉवर उरतो आणि टॉवरचा वॉचमन. डिसेंबरची टेस्ट सुरळीत पार पडली तर जानेवारीपासून बेळगाव कायमचं हबवर जाणार होतं. आम्ही पाच जण घरी. ही गोष्ट मेलमध्ये “सुसूत्रीकरण” या शब्दात लिहिली होती. शब्द लांब असला की समजावं, कुणाची तरी नोकरी त्याखाली दडपली आहे.

मी त्या स्टेशनवर सकाळची आरजे आणि म्युझिक शेड्युलर. आरजे म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. शेड्युलर म्हणजे गाण्यांची रांग लावणारी. कुठलं गाणं कधी वाजणार हे एक सॉफ्टवेअर ठरवतं. पण त्याला गाणी ओळखता यावीत म्हणून प्रत्येक गाण्यावर कोड टाकावा लागतो. भाषेसाठी एक अक्षर असतं. हिंदीला एच, इंग्रजीला ई, मराठीला एम, कन्नडला के. मुंबईनं नियम पाठवला होता: तासाला दोन गाणी लोकल, आमच्या लायब्ररीतली, बाकी सगळी इंग्रजी-हिंदी. आणि लोकल म्हणजे फक्त के. एम बंद. कारण म्हणून दोनच शब्द: कर्नाटक मार्केट. निपाणीच्या बाजारात एक तास उभं राहिलं असतं तर त्या दोन शब्दांची लाज वाटली असती. कानडीला जागा हवीच, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण एका भाषेला जागा देताना दुसरीला बाहेर काढायचं, हा कुठला हिशोब?

मी आप्पांना “बघते” म्हणून फोन ठेवला आणि स्टुडिओत आले. त्या दिवसांत माझं काम उरलं होतं ते मशीन बंद पडत नाही ना, एवढं बघायचं. स्पीकरवर घंटा वाजत होत्या. घंटा संपल्या, आणि एकदम व्हायोलिन सुरू झालं. मागोमाग एका बाईचा भरदार आवाज. गाणं नाताळाचंच होतं, पण शब्द कोकणी.

मी स्क्रीनवर बघितलं. भाषा: के.

प्रकार लक्षात यायला वेळ लागला नाही. कधीतरी पूर्वी गोव्याच्या स्टेशनकडून काही गाणी आमच्या लायब्ररीत आली असणार. तिकडं कोकणीला के टाकतात. इकडं के म्हणजे कन्नड. सॉफ्टवेअरला अक्षर कळतं, भाषा कळत नाही. त्यानं “के” आणि “ख्रिसमस” दोन्ही असलेली गाणी शोधली. कन्नड एकही नव्हतं. कोकणी पाच-सहा होती. त्यानं इमानेइतबारे ती लावली.

पुढच्या अर्ध्या तासात फोन थांबेना. खानापुरातून, बेळगावच्या कॅम्पातून, एक तर रेल्वेच्या डब्यातून. घंटांबद्दल एकही नाही, सगळे त्या एका गाण्याबद्दल. शेवटी लोंढ्याहून एक बाई बोलल्या. आवाज वयस्कर, पण शाळेत हजेरी घेतात तसा खणखणीत.

“मी फिलोमिना टीचर, लोंढ्याच्या रेल्वे कॉलनीतली. हितं तुमचं स्टेशन खिडकीत रेडिओ धरला तरच लागतं. धरून उभी राहिले. आमची भास, कोकणी, लागली रेडिओवर, बाय. मला एक सांग, हे चुकून लावलं का मुद्दाम?”

खोटं बोलणं सोपं होतं. “चुकून लागलं, टीचर.”

“मग आता मुद्दाम लावा,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी स्टेशन हेड महांतेश सरांच्या केबिनमध्ये गेले. सर धारवाडचे, घरची भाषा कानडी, माणूस सज्जन आणि कायम घाबरलेला. सगळं ऐकून त्यांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं.

“शुभा, गप्प बस. मुंबईला के पाहिजे, के वाजतंय. तिकडं कुणाला फरक कळतोय?”

“सर, हे चोरून वाजवल्यासारखं होतंय. कोकणी माणसाला आपलं गाणं दुसऱ्याच्या नावावर ऐकायला लागतंय. आणि कानडी माणसाला त्याचं म्हणून जे सांगितलंय ते मिळतच नाही. दोघांची फसवणूक.”

“ब्याड, शुभा. नको. अधिवेशनाचे दिवस आहेत. भाषा हा शब्दच काढू नको.”

हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. डिसेंबरात बेळगावला कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन भरतं. तेव्हा इथली हवा भाषेवरून तापलेली असते. पाटीवर कुठली ओळ वर आणि कुठली खाली, यावरून बस अडते. सरांची भीती उगाच नव्हती. पण भीती खरी असली म्हणून ती बरोबर असतेच असं नाही.

मी निखिल सरांना फोन लावला. महांतेश सर समोर डोक्याला हात लावून बसले.

“के म्हणजे कोकणी?” निखिल सर हसले. “अगं, मी सकाळी ऐकलं ते. मी म्हटलं, कन्नड कॅरल्स काय सुंदर आहेत! बरं, काढून टाक ती. प्रॉपर कन्नड टाक.”

“प्रॉपर कन्नड एकही नाही सर. आणि बाहेरचं घ्यायचं तर हक्क लागतात. ते डिसेंबर संपेपर्यंत मिळणार नाहीत.”

“मग लोकल स्लॉटच काढून टाकतो. फुल इंग्लिश-हिंदी. सिम्पल.”

“सर, शनिवारपर्यंत द्या. मी इथं रेकॉर्ड करून देते.”

“शनिवार. त्यानंतर मी विचारणार नाही.”

फोन ठेवल्यावर महांतेश सर म्हणाले, “आयतु. झालं. दोन गाणी होती, तीही घालवलीस.”

मी लोंढ्याला फोन केला. “टीचर, तुमच्या चर्चचा कॉयर आहे ना? कानडीत काही म्हणता?”

“कानडीत? एक कडवं हाय. पण ते सुटं निघत नाय, बाय. तू ये, मग सांगते.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी रेकॉर्डर घेऊन लोंढ्याला गेले. कॉलनीतल्या चर्चमागच्या खोलीत कॉयर, म्हणजे चर्चचा गाणाऱ्यांचा ताफा, जमला होता. निवृत्त गार्ड, त्यांच्या बायका, नर्स, रेल्वे कॅन्टीनवाले, कॉलेजच्या मुली. जंक्शनचं गाव, त्यामुळे माणसं चारी दिशांनी आलेली. त्यांचं गाणंही तसंच होतं. पूर्वीच्या एका कॉयर मास्तरांनी चाल बांधली, शब्द कॉलनीनं घातले. चार कडवी: एक कोकणी, एक मराठी, एक कानडी, एक इंग्रजी. ध्रुवपद नाहीच, प्रत्येक कडव्यात अर्थ एकच, दार उघडा, बाळ थंडीत उभं आहे. मराठी कडव्यात पाळणा होता, कानडीत ज्वारीचं कोठार होतं. बर्फ कुठल्याच कडव्यात नव्हता.

मध्येच मालगाडी आली. खोली हादरली. कॉयर थांबला नाही. त्यांनी शेवटचा सूर धरून ठेवला, गाडी गेली, आणि तिथूनच पुढं सुरू केलं.

“हे एडिट करून काढू ना?” मी विचारलं.

“कशाला? ती पण कॉलनीतलीच,” टीचर म्हणाल्या.

गाणं चांगलं होतं. इतकं चांगलं की मला भलतीच काळजी लागली. मी महांतेश सरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

“पहिलं कडवं कुठलं?”

“मी ऐकलं तेव्हा कोकणी होतं, सर.”

“कानडी पहिलं पाहिजे. नाहीतर उद्या स्टुडिओसमोर माणसं येतील.”

“आणि कानडी पहिलं केलं तर परवा दुसरी माणसं येतील.”

“म्हणून तर म्हणालो होतो, ब्याड.”

मी फोन ठेवला. टीचरनी विचारलं, “काय झालं गं?”

“कुठलं कडवं आधी, यावर अडलंय.”

टीचर कॉयरकडं वळल्या आणि कोकणीत काहीतरी म्हणाल्या. सगळे हसले. मग मला म्हणाल्या, “बाय, आम्ही नाताळाआधी घरोघर गातो. ज्याच्या दारात उभं राहतो, त्याचं कडवं आधी. गोपाळरावच्या दारात मराठी. बसप्पाच्या दारात कानडी. दार त्याचं, तर सुरुवात त्याची. आमचं कडवं दुसऱ्याच्या दारात शेवटी. पाहुण्यानं आपलं आधी म्हणायचं नसतं. ह्यात भांडायचं काय हाय?”

“पण रेडिओवर दार कुणाचं, टीचर?”

“जो ऐकतो त्याचं. आता ते तू बघ. ते तुझं काम.”

आणि खरंच, ते माझंच काम होतं. शेड्युलरच्या कामात रोटेशन नावाची गोष्ट असते. गाण्यांची पाळी लावायची, म्हणजे तेच गाणं त्याच वेळेला परत येत नाही. मी कॉयरला विचारलं, चारदा गाल का? प्रत्येक वेळी सुरुवात वेगळ्या कडव्यानं?

“दोन तास झाले की आमच्या गार्डसाहेबांना चहा लागतो,” टीचर म्हणाल्या. “तेवढं सांभाळ.”

चार गाणी तयार झाली. चाल तीच, शब्द तेच, दार वेगळं. आज आठ वाजता कानडी दार, नऊला मराठी, दहाला कोकणी, अकराला इंग्रजी. उद्या पाळी एक घर पुढं सरकणार. आठवड्यात कुणाचंच दार कायमचं पहिलं नाही आणि कुणाचंच कायमचं शेवटचं नाही. इतकं सोपं. बस अडवणाऱ्यांना आणि मार्केट ठरवणाऱ्यांना जे सुचत नाही, ते एका रेल्वे कॉलनीत वर्षानुवर्षं चालू होतं.

आता मुंबई उरली होती.

आमच्या निपाणीच्या घरात वर्तमानपत्र येत नसे, पत्रकं येत. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. युनियनची पत्रकं ती आणायची आणि मी मोठ्यानं वाचून दाखवायची. पुढं पत्रकांचा मजकूरही मीच लिहायला लागले. आई एकच नियम सांगायची: “मागणी एकच लिही. दोन लिहिल्यास की मालक त्यातली सोपी मान्य करतोय आणि फोटो काढून घेतोय.”

म्हणून निखिल सरांशी बोलताना मी नोकरीचं काढलं नाही, हबचं काढलं नाही, एमचं काढलं नाही. एकच मागितलं.

“सर, सकाळी आठ ते बारा स्टेशन आम्हाला द्या. ख्रिसमसच वाजवू. पण इथून.”

“चार तास? आणि ते गाणं, कुठल्या भाषेत आहे म्हणालीस?”

“चार.”

“कोड काय टाकणार? सिस्टीम एकच अक्षर घेते.”

“एल.”

“एल म्हणजे?”

“ते अक्षर रिकामं होतं, सर.”

तेवढ्यात त्यांच्या मागं कुणाचा तरी आवाज आला. मार्केटिंगवाला. त्याला आप्पांचा फोन गेला होता: घंटा बंद करा, नाहीतर जाहिरात बंद. निखिल सर परत फोनवर आले.

“ठीक. चार तास, एक आठवडा. मग नंबर बघून ठरवू.”

सोमवारी आठला माइक उघडला. इतके दिवस मशीनला राखण बसलेली मी परत बोलत होते. मी जे झालं ते सरळ सांगितलं. के या अक्षराचा घोळ सांगितला. कोकणी गाणी कन्नड म्हणून लावली गेली, त्याबद्दल दोन्ही भाषांच्या ऐकणाऱ्यांची माफी मागितली. महांतेश सर काचेपलीकडं उभे होते. डोळे मिटून. मग मी म्हणाले, लोंढ्याचा कॉयर आहे, चार दारं आहेत, आज पहिलं दार कानडी, उद्या तुमचं. आणि गाणं सोडलं.

मालगाडी आली, सूर धरला गेला, गाडी गेली, गाणं पुढं सरकलं. मी फोनकडं बघत होते.

पहिला फोन आदगोंडा आप्पांचा.

“बाई, हे कोण म्हणायलंय?”

“लोंढ्याची माणसं, आप्पा.”

“असं व्हय! अवो, हे तर आमच्या दुकानागत हाय. गिऱ्हाईक कानडीत शिरतंय, मराठीत घासाघीस करतंय, आणि हिंदीत म्हणतंय, देखके आता. परत लावा. आणि माझी जाहिरात ह्याच्याच मागं पाहिजे. दुसऱ्या कुणाला दिलासा तर बघा!”

“आप्पा, तुम्ही तर नाताळ करत नाही.”

“मी करत न्हाय. पण माझं कडवं त्यात हाय का न्हाय? दोन हायती. घरात कानडी, दुकानात मराठी.”

त्या आठवड्यात फोन उचलायला माणूस पुरेना. लोक आपल्या दाराची पाळी विचारायला फोन करत. “आज मराठी दार कितीला?” खानापूरच्या एका चर्चनं स्वतःचं कानडी गाणं रेकॉर्ड करून पाठवलं. कॅम्पातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळानं टाळ-मृदंगावर म्हटलेलं नाताळाचं भजन पाठवलं, परवानगीच्या पत्रासह. आमची लायब्ररी भरायला लागली. आणि स्टुडिओसमोर माणसं आली, सरांना वाटलं होतं तशी. दोन जण. एकाला वेळापत्रक हवं होतं, दुसऱ्याला गाण्यात आपल्या भाषेचं पाचवं कडवं घालता येईल का ते विचारायचं होतं. तो तमिळ होता. मी त्याला लोंढ्याचा पत्ता दिला.

मुंबईनं आठवडा संपायच्या आत नंबर बघितले. ॲपवर सकाळी आठ ते बारा लोक थांबत होते आणि बाराला, घंटा सुरू झाल्या की, निघून जात होते. आलेख बघायची गरज नव्हती, तरी निखिल सरांनी तो पाठवला. खाली लिहिलं होतं: संपूर्ण दिवस तुम्ही घ्या.

आणि जानेवारी? जानेवारीचा मेलच आला नाही. मी विचारलं नाही. न आलेल्या मेलला उत्तर द्यायचं नसतं.

नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी कॉयर गाडीनं बेळगावला आला आणि अनगोळला आमच्या स्टुडिओच्या दारात उभा राहिला. गार्डसाहेबांच्या हातात गिटार. बेल वाजली. दार महांतेश सरांनी उघडलं.

“दार कुणाचं?” फिलोमिना टीचरनी विचारलं. “सांगा, तसं सुरू करते.”

सरांनी मागं वळून आमच्याकडं बघितलं. “सगळ्यांचं आहे.”

“असं चालत नाय. एकाचं सांगा.”

मला वाटलं सर कानडी म्हणणार. म्हणाले असते तरी चाललं असतं, स्टेशन हेड ते, दार त्यांचंच. पण अधिवेशनाच्या नावानं थरथरणारा तो माणूस दार सोडून बाजूला झाला आणि म्हणाला, “कोकणी म्हणा. सुरुवात तुमच्यापासून झाली. ते पण आमच्या चुकीनं.”

टीचरनी एकदा सरांकडं बघितलं, मान हलवली आणि पाहुणी असूनही आपलं कडवं आधी म्हटलं. आम्ही माइक दारात आणून ठेवला होता. सगळं थेट हवेत गेलं. मालगाडी तेवढी नव्हती. त्या जागी कॉयरनं सवयीनं सूर धरला, आणि एक रिक्षा गेली.

आता आमच्या कंपनीच्या सगळ्या स्टेशनांना मुंबईहून सूचना गेली आहे, प्रत्येकानं एल कोडची गाणी जमवावीत. मुंबईत सगळ्यांना वाटतं, एल म्हणजे लोकल. आम्ही दुरुस्ती कळवलेली नाही. एल म्हणजे लोंढा.

स्टेशनवर नवीन शेड्युलर आला की मी त्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवते. कोड नीट टाक. आणि चुकून काही चांगलं वाजलं, तर दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम वाजव.